शेवंतीच्या अंगावरची माशी

१७ एप्रिल १९३३, सोमवार

ठरलं. या उन्हाळ्यात शेवंतीच्या अंगावर माशी बसणार नाही. बसली तर रामहरी नाव सांगणार नाही.

निमित्त मेहुण्यांचं. काल मोडनिंबहून जोतीराम आले होते, सौ.चे थोरले बंधू. त्यांच्या मुलाचं, येडूचं, लग्न ठरलं आहे. पुढच्या महिन्याची अठरा तारीख. त्या घरातला नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघतो तो घरच्या पांढऱ्या घोडीवर बसूनच. भाड्याचं जनावर आमच्या दारात कधी उभं राहिलेलं नाही, हे ते दर खेपेला सांगतात. कालही सांगितलं. आणि आता घरची पांढरी घोडी म्हणजे आमची शेवंती. आमची म्हणजे सौ.ची. सासऱ्यांनी, आबांनी, जाण्याआधी लेकीला दिलेली. (दिली तेव्हा शिंगरू होतं. वाढवलं मी.)

जोतीराम चहा घेऊन तबेल्यात गेले. शेवंतीच्या डोळ्यांच्या कडांना माश्या नुसत्या लगडल्या होत्या. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, दाजी, घोडी सोलापुरात ऱ्हायली ती आबांच्या शब्दाखातर. तिचं असं हाल व्हणार असतील तर लगीन झाल्यावर तितंच ठेवून घेतो की. मला राग आला. म्हटलं, लग्नाच्या दिवशी तिच्या अंगावर एक माशी दाखवा आणि खुशाल घोडी ठेवून घ्या. ते म्हणाले, बघू की. आत सौ. भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला.

असं बोलायला नको होतं, हे तिचं मत. माझं मत, बोललो ते बोललो.

१८ एप्रिल, मंगळवार

गिरणीत नऊ वर्षं टाइमकीपर होतो. (नोकरी मी सोडली. सौ. म्हणते, त्यांनी सोडवली. शब्दांचा फरक आहे.) तिथं एक गोष्ट शिकलो. कुठलंही काम सिस्टिमनं केलं की होतं. तेव्हा प्लॅन असा की झाडापाल्याचं तेल करायचं आणि शेवंतीला लावायचं. विलायती औषध नको, त्यात काय घालतात देव जाणे. झाडापाल्यानं कुणाचं वाईट झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मकदूमला सांगितलं. मकदूम आमचा टांगा हाकतो. तो म्हणाला, मालक, सांजच्याला लिंबाचा पाला पेटवून धूर करू की. हमारे बापनं बी वहीच किया. म्हटलं, तुझा बाप टाइमकीपर नव्हता. धूर उडून जातो, तेल अंगावर राहतं. तो खरारा घेऊन घोडीचं अंग घासायला लागला.

सौ.चं तिसरंच. म्हणते, तेल-बिल ऱ्हाऊ द्या, आदी तो लिदीचा ढीग हलवा. तबेल्याच्या भिंतीला लागून आम्ही लीद साठवतो. होटगीचा बसवराज, मळेवाला, पंधरवड्याला बैलगाडी घेऊन येतो, लीद नेतो आणि बदल्यात हिरवा घास टाकतो. गेल्या खेपेला घास वाळका होता म्हणून मी त्याला बोललो. तोही कानडीत काहीतरी बोलला. मला कानडी येत नाही, पण सूर कळला. तेव्हापासून तो आलेला नाही आणि मी काही निरोप धाडणार नाही. ढीग कमरेएवढा झालाय. असू दे. माश्या घोडीवर बसतात, ढिगाचा काय संबंध?

२१ एप्रिल, शुक्रवार

तेल तयार! निंबोळीचं तेल, करंजाचं तेल, कापूर, वरून निलगिरीची अख्खी बाटली. दुकानदार म्हणाला, चार थेंब लई झाले. जो दुकानदार आपलाच माल कमी खपवतो त्याचं काय ऐकायचं!

सकाळी अकराला लावलं. मुद्दाम उन्हात उभी करून, म्हणजे चांगलं मुरेल. कान, नाकपुड्या, डोळ्यांच्या कडा, काही सोडलं नाही, कारण माश्या तिथंच जास्त.

निरीक्षण: शेवंती आधी फुरफुरली. मग मान झाडली. मग मला भिंतीला दाबून दावं तोडून बाहेर गेली. कोपऱ्यावर धुळीचा ढिगारा आहे, त्यात चारी पाय वर करून लोळली. पांढरी गेली होती, भुरकी होऊन उठली. पाठीला खरचटलंय.

पण एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. धुळीचा थर बसल्यावर तिच्या अंगावर माशी बसली नाही. म्हणजे दिशा बरोबर आहे.

मकदूमनं गार पाण्यात फडकं भिजवून तिचे डोळे पुसले. सगळं अंग धुतलं. धुता धुता पुटपुटत होता, घोडी हाय मालक, लोनचं न्हाय. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तिच्या डोळ्यांना अजून धार आहे. कापराचा गुण. डोळे साफ होतात.

२२ एप्रिल

धार थांबली. सौ. माझ्याशी बोलत नाही. घरात शांतता आहे. कामाला बरी.

२४ एप्रिल, सोमवार

गुरांच्या दवाखान्यात गेलो. सल्ला मागायला नव्हे, तेल दाखवायला. डॉक्टर तरुण, चष्मेवाले. वास घेतला आणि बाटली हातभर लांब धरली. मग खूप बोलले.

म्हणाले, हे असं निव्वळ लावायचं नसतं, साध्या गोडेतेलात भरपूर पातळ करा. याचा अर्थ माझं तेल जोरदार आहे. म्हणाले, आधी मानेवर रुपयाएवढ्या जागी लावा, एक दिवस थांबा, कातडी तापली किंवा सुजली तर गार पाण्यानं धुऊन टाका आणि ते तेल परत लावू नका. याचा अर्थ ट्रायल घ्यायची माझी पद्धत त्यांना पटली. म्हणाले, डोळ्यांजवळ नको, नाकाजवळ नको, खरचटलेल्या जागी नको, खोगीर आणि तंगाचा पट्टा येतो तिथं नको, उन्हात तर मुळीच नको. इतके नको-नको ऐकल्यावर मी विचारलं, मग लावायचं कुठं? ते म्हणाले, ते मागाहून बघू, आधी लीद कुठं टाकता ते सांगा.

सौ.नं यांना आधीच गाठलेलं दिसतंय.

तंबाखूच्या पाण्याचं विचारलं तर खुर्चीतून उठलेच. घोडी अंग चाटते, विष पोटात जाईल म्हणाले. झाडापाल्याचं म्हणजे गरीब असं समजू नका म्हणाले. तंबाखूची कल्पना सोडून दिली. मी हटवादी नाही.

२६ एप्रिल, बुधवार

डॉक्टरांचा मान राखायचा म्हणून ट्रायल घेतली. घोडीवर नाही, माझ्या दंडावर. घोडीच्या जवळ बाटली नेली की मकदूम मधे येऊन उभा राहतो. पगार मी देतो, पण बाजू तिची घेतो.

काल सकाळी लावलं. दुपारी दंड लाल. आज सकाळी फोड.

याचा अर्थ एवढाच की माणसाची कातडी नाजूक असते. घोड्याची जाड. हे सौ.ला समजावून सांगितलं. चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, अवं, जाड हाय तर मग येवढी माशी बसली तरी थरारती कशी? म्हटलं, तो नसांचा विषय आहे, तुला कळायचा नाही. मलाही पुरता कळत नाही, पण ते बोललो नाही. तिनं माझ्या दंडाला खोबरेल तेल लावलं आणि लावताना हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

२९ एप्रिल, शनिवार

तेलाला तात्पुरती सुट्टी. आता लसूण.

लसणाचा वास कुणाला सोसत नाही, माशीला तरी का सोसावा? दोन शेर लसूण वाटून ताकात कालवला. शेवंतीच्या पायांना, शेपटीला लावला. मग सुचलं की माशी आधी टांग्याच्या गादीवर बसते आणि तिथून घोडीवर जाते. म्हणून गादीलाही लावला.

सात रस्त्याच्या चौकात एक कीर्तनकार बुवा स्टेशनला जायला चढले. कांदा-लसणाला शिवत नाहीत ते. मकदूमला म्हणाले, अरे, हा टांगा आहे का फोडणी? आणि चालत गेले, वळकटी काखोटीला मारून, तेवढ्या उन्हात. नंतर दिवसभर टांग्यात कुणी बसलं नाही.

माश्याही बसल्या नाहीत. हे कुणी बोलत नाही!

३० एप्रिल

मकदूमनं गादी धुतली. तीनदा.

५ मे, शुक्रवार

सक्सेस! सक्सेस!

आज संध्याकाळी शेवंतीच्या अंगावर मोजून चार-पाच माश्या. लसूण लावून आठवडा होत आला, गुण आता दिसतो आहे. औषध हळूहळू भिनतं म्हणतात ते खरं.

मी परवा गिरणीत जुन्या मंडळींना भेटायला गेलो होतो, तेवढ्यात बसवराज येऊन लीद घेऊन गेला. सौ.नं परस्पर निरोप धाडला होता. तबेलाही झाडून-सारवून घेतलाय. मी रागावलो नाही. यश मिळालं की माणसानं मोठ्या मनानं घ्यावं. तबेल्यात रोज संध्याकाळी धुराचा वास येतो, शेजारी कुणीतरी पाला जाळत असतील. त्यांना एकदा बोललं पाहिजे, माझ्या प्रयोगात व्यत्यय येतो.

शेवंती खुशीत आहे. तिचा रोजचा कार्यक्रम ठरलेला असतो. संध्याकाळी मी गुळाचा खडा घेऊन गेलो की आधी माझा खिसा हुंगते, खडा खाते आणि मग हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवून डोळे मिटते. वजन बरंच लागतं. मी हलत नाही. हललं की तिची डुलकी मोडते, असं निरीक्षण आहे. आज दिवेलागणीपर्यंत तसाच उभा होतो. सौ. म्हणाली, खांदा दुखंल. म्हटलं, माझं काम चालू आहे.

८ मे, सोमवार

लग्नाला दहा दिवस. चार-पाच माश्या तरी का राहाव्यात? जोतीराम एक माशी दाखवतील आणि घोडी ठेवून घेतील. माणूस तसा सरळ आहे, पण शब्दाला फार धरून असतो. एकही नको.

या उरलेल्या माश्या बसतात त्या पाठीवर, लोळताना खरचटलं होतं त्या जागी. जखमेला काय लावतात? हळद. यात डॉक्टरही काही बोलू शकणार नाहीत. कडुलिंबाचा रस, हळद, तिळाचं तेल. या खेपेला भरपूर पातळ केलं. मी शिकत असतो. आणि एकाच जागी लावलं तर माशी शेजारी बसेल, म्हणून सगळ्या अंगाला लावलं. मकदूम टांग्याचं चाक बसवून आणायला गेला होता.

शेवंती शांत उभी राहिली. फुरफुरली नाही, लोळली नाही. माशी एक नाही. अखेर जमलं!

फक्त ती पिवळी झाली आहे.

९ मे, मंगळवार

रिठ्यानं धुतली. पिवळी.

शिकेकाईनं धुतली. पिवळी, पण चकाकते.

गल्लीतली बायामाणसं बघून गेली. सौ. डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, नवरदेवाच्या आदी घोडीलाच हळद लागली की वो! वैनीला आता काय तोंड दावू? वैनी म्हणजे सोजरबाई, जोतीरामांची बायको, शकुन-अपशकुनाचं फार बघते. मी म्हटलं, हळद शुभच असते, ती कुणाला आधी लागली याची सरकारी नोंद होत नाही. मकदूम नुसता घोडीभोवती एक चक्कर मारून आला आणि लांब जाऊन विडी पेटवली.

त्यांना पांढरी घोडी पाहिजे, पांढरी देऊ. दहा दिवसांत माशी हटवणाऱ्याला रंग हटवणं काय जड आहे?

१२ मे, शुक्रवार

आज लिहिणार नव्हतो. पण सिस्टिम मोडायची नाही.

विचार साधा होता. भिंत पिवळी पडली की आपण काय करतो? चुना देतो. सौ. आहेराचं लुगडं घ्यायला मधल्या मारुतीच्या बाजारात गेली होती. मकदूम जुम्म्याच्या नमाजाला. बादलीत चुना कालवला, वस्त्रगाळ केला (काळजी घेतली) आणि कुंचल्यानं शेवंतीला दिला. पाठीवर हळद जास्त बसली होती म्हणून तिथं दोन हात दिले.

पहिला हात दिला आणि घोडी लाल झाली.

वाटलं, ओली आहे तोवर असेल. वाळली की पांढरी होईल. भिंतीचंही तसंच असतं. वाळली. लालच. शेंदूर लावलेल्या देवासारखी शेवंती माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं.

सौ. आली. हातातलं लुगडं खाली पडलं. ओरडली, अवं, हळदीत चुना पडला की कुंकू व्हतं! पोरीबाळींनाबी ठावं असतंय की वो! म्हटलं, मला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, इचारलं व्हतं का कुणाला?

मी सात रस्त्यापर्यंत चालून आलो. काही काम नव्हतं.

१३ मे, शनिवार

मकदूम आणि सौ. दोघांनी मिळून घोडी धुतली. घागरींवर घागरी पाणी. मग ताक. बराच रंग उतरला. आता लांबून पाहिलं तर पांढरी म्हणता येईल, ऊन डोळ्यांवर असेल तर.

पाठीवरची लाली मात्र निघत नाही. सौ.नं नुसता हात ठेवला तर शेवंतीनं पाठ खाली घेतली आणि कळवळून खिंकाळली. मकदूम मला न विचारता डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, हा रंग नव्हे, चुन्यानं भाजलंय. आधीच खरचटलेलं, त्यावर तेल, त्यावर चुना. मलम दिलं. महिनाभर पाठीवर खोगीर तर सोडाच, पोतंही टाकू नका म्हणाले.

महिनाभर हा त्यांचा अंदाज. डॉक्टर लोक जरा वाढवूनच सांगतात. अठरा तारखेपर्यंत भरून येईल.

मी विचारलं, पण माशी नाही हे तुम्ही पाहिलंत का? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

१४ मे, रविवार

संध्याकाळी गूळ घेऊन गेलो. शेवंतीनं खिसा हुंगला नाही. हात पुढं केला तर मान भिंतीकडं फिरवली. हाताला अजून करंजाचा वास येत असेल. साबणानं हात धुऊन परत गेलो. परत फिरवली.

गुळाचा खडा मकदूमकडं दिला. त्याच्या हातून खाल्ला.

नवा गूळ असेल. चव वेगळी लागली असेल.

१५ मे, सोमवार

मकदूम तिला घेऊन पहाटे मोडनिंबला निघाला. पायी, टप्प्याटप्प्यानं, खोगीर न घालता. सौ. म्हणत होती, न्यायची नको, दादाला निरोप धाडू. म्हटलं, शब्द दिलाय, घोडी दारात उभी राहिली पाहिजे. ती म्हणाली, शब्द तुमी दिला आन् पाठ तिची. यावर मी तयारीला लागलो. आम्ही उद्या रेल्वेनं, कुर्डुवाडीवरून.

१८ मे, गुरुवार. मोडनिंब

लग्न लागलं. जेवणं उठली. लिहायला जरा आडोसा मिळाला आहे.

सकाळचं लिहितो. शेवंती मांडवापुढं उभी होती. अंगावर झूल, कपाळाला गोंडा. मी उन्हं वर यायच्या आधीपासून तिच्याजवळ उभा होतो. उकाडा फार होता म्हणून उपरण्यानं वारा घालत होतो. कुणीतरी म्हणालं, दाजी, दमाल, बसा की. नाही बसलो. जोतीराम आले, तिच्याभोवती फिरले, डोळे पाहिले, कान पाहिले. माशी नव्हती. माझ्याकडं बघून मान हलवली. मला वाटलं, झालं! घोडी आमची.

मग खोगीर आणलं. झुलीवरच खोगीर ठेवलं. ठेवलं मात्र, शेवंती मागच्या पायांवर खाली बसली. असा आवाज काढला की सनईवाल्यानं सनई तोंडातून काढली. जोतीरामांनी खोगीर आणि झूल उचलली. पाठ पाहिली. बराच वेळ पाहिली. सगळा मांडव पाहत होता. सोजरबाई अगं आई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.

पाहुण्यांपैकी एकजण स्वतःचा घोडा आणतो म्हणाला. जोतीराम म्हणाले, नगं. येडू बाशिंग बांधून उभा होता, त्यानंच तोड काढली. म्हणाला, आत्याची घोडी म्होरं चालू द्या, मी मागनं पायी येतो. तसं झालं. नवरदेव मातीतून चालत मारुतीला गेला आणि त्याच्यापुढं रिकामी शेवंती. असला नवरदेव या गावात कुणी पाहिला नव्हता. मी शेवंतीच्या बाजूनं उपरणं हलवत चाललो होतो. उकाड्यामुळं.

जेवणानंतर मी स्वतः विषय काढला. मी काही तोंड लपवणारा नाही. जोतीरामांना सांगितलं, आपलं ठरलं होतं, माशी दाखवा आणि घोडी ठेवून घ्या. दाखवा माशी. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, व्हय दाजी. माशी न्हाय. पर कातडंबी न्हाय ऱ्हायलं.

मी सौ.कडं पाहिलं. घोडी तिची, ती माझ्या बाजूनं बोलेल. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, दादा, ठेवून घे.

कायद्यानं घोडी तिचीच आहे. कायद्यापुढं मी काही बोलत नाही.

२० मे, शनिवार. सोलापूर

परत आलो. गाडीत सौ. खिडकीशी, मी दाराशी.

निघताना शेवंतीचा निरोप घ्यायला गेलो नाही. म्हणजे गेलो होतो. ती मेहुण्यांच्या चिंचेखाली सावलीला उभी होती. सोजरबाई तिच्या पाठीला मलम लावत होत्या आणि ती लावू देत होती. मी लांबूनच आलो. गाडीची वेळ झाली होती. (गाडी दोन तास लेट आली, पण ते मला आधी कसं कळणार?)

पाठ भरल्यावर तिला परत आणायचा प्लॅन तयार आहे. जोतीरामांना पटवायला वेळ लागेल. तोवर तेलात सुधारणा करतो. कापूर कमी.

२३ मे, मंगळवार

मकदूम आला होता. आता दुसऱ्याचा टांगा हाकतो. खरारा मागायला आला. मोडनिंबकडं जाणारं कुणीतरी त्याच्या ओळखीचं आहे, त्याच्याहाती धाडतो म्हणाला. तिला दुसऱ्या खराऱ्याची आदत न्हाय मालक.

खरारा दिला. त्याच्या दात्यांत तिचे केस अडकले होते. ते काढून ठेवले. नमुना म्हणून.

दुपारी बसवराज गाडी घेऊन आला. हिरवागार घास, असा घास वर्षात दिला नव्हता. मराठीत बोलला. घोडी कुटं हाय साहेब? म्हटलं, लग्नाला गेली आहे. घास ठेवून जा.

२५ मे, गुरुवार

मोठी बातमी. ट्रायल पूर्ण यशस्वी.

उरलेलं तेल मी तबेल्याच्या कोपऱ्यात उघडं ठेवलं होतं. आज सकाळपासून दावणीच्या कडेला बसून निरीक्षण करतो आहे. भिंतीवर माशी नाही. तोबऱ्यावर नाही. दावं बांधायच्या खुंटीवर नाही. घास वाळत पडलाय, त्यावर नाही. सबंध तबेल्यात एक माशी नाही. जोतीराम येऊन बघू देत. डॉक्टर येऊन बघू देत. मी म्हणत होतो, तेलात दम आहे, फक्त वेळ द्यायला पाहिजे होता.

सौ.नं जेवायला दोनदा हाक मारली. म्हटलं, येतो, निरीक्षण चालू आहे. तिसऱ्यांदा हाक मारली नाही. स्वतःच आली. मला वाटलं, आता बोलेल. ती उंबऱ्यावर बसली, रिकाम्या दावणीकडं बघत. मी तिला म्हटलं, बघ, एक तरी दिसते का?

ती म्हणाली, न्हाय वो. एक बी न्हाय.

मग आम्ही दोघंही बराच वेळ माशीची वाट बघत बसलो.